काळी पडली हो, काळी पडली!

इंग्लंडच्या दक्षिणेकडे काय चाललंय, कानावर आलं का तुमच्या? चांगली शहाणीसुरती, घराचे हप्ते वेळेवर भरणारी, बागेतलं गवत न चुकता कापणारी माणसं आठवड्यातून एका रात्री घरातून नाहीशी होतात. जातात कुठे, तर पबात. ते एक वेळ चालून जाईल, पबात जाणं हा तिथला कुळाचारच आहे. पण तिथं जाऊन निमूट प्यावं, चार गप्पा माराव्यात आणि घरी यावं, तर तेही नाही. कोपऱ्यातल्या एका अरुंद टेबलापाशी उभं राहायचं, हातात काठी घ्यायची आणि लाकडाच्या तीन-चार खुंट्यांना घाबरत पंधरा-वीस मिनिटं घाम गाळायचा! या प्रकाराला बार बिलियर्ड्स म्हणतात. आणि ही माणसं एकटीदुकटी नाहीत हो. ऑक्सफर्डशर, बर्कशर, बकिंगहॅमशर, सरे, केंट, ससेक्स, पार वर नॉर्थॅम्प्टनशर आणि नॉरफोकपर्यंत यांच्या लीग आहेत. लीग! संघ, वेळापत्रकं, गुणतक्ते, सरासऱ्या, ढाली, करंडक, सगळा सरंजाम.

आता आपण पडलो विल्सन जोन्स यांच्या मुलखातले. १९२२ साली पुण्यात जन्मलेले जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले आणि १९६४ साली पुन्हा झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय. स्नूकर तर जन्मलंच आपल्याकडे, १८७५ साली, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. त्यामुळे बिलियर्ड्स म्हटलं की आपल्याला आठवतो जिमखाना, बारा फुटी टेबल, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खोकलं तरी वळून बघणारे प्रेक्षक. अशा खानदानातला माणूस बार बिलियर्ड्सच्या टेबलापुढे उभा राहिला तर त्याला घेरीच यायची. कोपऱ्यांत खिसेच नाहीत! बाजूलाही नाहीत. भोकं आहेत ती थेट मैदानात, कापडाच्या मधोमध, एकूण नऊ. कुठलं १० गुणांचं, कुठलं ५० चं, कुठलं १०० चं आणि सगळ्यांत मौल्यवान २०० चं. खेळायचं टेबलाच्या एकाच टोकाकडून. उरलेल्या तीन बाजूंशी खेळाडूचा काही संबंध नाही, त्यामुळे टेबल खुशाल भिंतीला लावून ठेवा. आठ चेंडू, सात पांढरे आणि एक लाल. लाल चेंडू भोकात गेला की त्या भोकाचे गुण दुप्पट. म्हणजे लाल २०० मध्ये गेला की चारशे. मटक्यात नाही मिळायचे एवढे!

आणि हे सगळं चालतं नाण्यावर. नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, चेंडू पोटातून गडगडत येतात आणि आतलं घड्याळ चालू होतं. ते घड्याळ कुणाची गय करत नाही. वेळ संपली की टेबलाच्या आत एक आडवी पट्टी पडते, ठक्क! त्यानंतर जो चेंडू भोकात जाईल तो परत येत नाही. मग टेबलावरचे चेंडू एकेक करून कमी होत जातात, आणि खरी फजिती तिथूनच सुरू होते.

आता त्या खुंट्या. मशरूमच्या आकाराच्या, गोल टोपीच्या, लाकडी, बोटभर उंचीच्या. दिसायला अगदी गरीब. कुठल्या टेबलावर तीन असतात, कुठल्या टेबलावर चार, पण त्यातली एक काळी. पांढरी पाडलीत तर त्या पाळीत मिळवलेले गुण गेले आणि पाळीही गेली. चला, ठीक आहे, चुकीला शिक्षा हवी. पण २०० च्या भोकापुढे उभी असलेली ती काळी पाडलीत तर? त्या पाळीचेच नव्हे, तर त्या डावात तोवर मिळवलेले सगळे गुण शून्य. सहा हजार झालेले असोत, नऊ हजार झालेले असोत, सगळे. चेंडू काळीला नुसता घासून जातो, ती एका बाजूला कलते, गोल फिरते, क्षणभर तोल सावरल्याचं नाटक करते, आणि मग पडते. पबातली चाळीस माणसं एका सुरात 'ओऽऽह' करतात. त्यात सहानुभूती किती आणि आनंद किती, हे कुणी विचारू नये.

बरं, ही काळी सगळ्यांत जास्त छळते ती शेवटच्या चेंडूवर. पट्टी पडलेली आहे, टेबलावर एकच चेंडू उरलाय. तो सरळ मारायला बंदी! बाजूच्या कडेवर आपटवून मगच १०० किंवा २०० मध्ये घालायचा. तुम्ही चार हजारांनी पुढे आहात. समोरच्याला हरण्याशिवाय गत्यंतर नाही. तुम्ही मारता, चेंडू कडेवर आपटतो, २०० कडे वळतो, भोक चुकतो आणि काळीला जाऊन भिडतो. झालं. चार हजारांची आघाडी घेऊन बसलेला शून्यावर आणि समोरचा, ज्याचे जेमतेम साडेआठशे होते, तो विजयी. याला काय म्हणायचं? आमच्या घरी पत्त्यांत असा नियम कुणी काढला असता तर त्याला पुढची चार वर्षं दिवाळीला बोलावलं नसतं. हे लोक मात्र हात मिळवतात आणि एकमेकांना बिअर पाजतात.

या खेळाचं मूळ विचारलंत तर तेही सरळ नाही. १९३० च्या दशकात डेव्हिड गिल नावाचे एक इंग्रज गृहस्थ बेल्जियमला गेले. तिथं त्यांनी रशियन बिलियर्ड्स म्हणून चाललेला एक खेळ पाहिला. आता बेल्जियममधला खेळ रशियन कसा, हे बेल्जियमवाल्यांना विचारा. गिलसाहेब परत आले आणि त्यांनी लंडनच्या हॉलोवे रोडवरच्या जेल्क्स कंपनीला गळ घातली, असं टेबल बनवून द्या. पहिलं टेबल स्वतःसाठी ठेवलं आणि दुसरं गेलं ऑक्सफर्डच्या रेक्टरी क्लबात. आणखी काही टेबलं ऑक्सफर्डात पोचली आणि १९३६ साली तिथं पहिली लीग उभी राहिली. ऑक्सफर्डात! जिथं जगभरच्या पोरांनी ग्रीक आणि तत्त्वज्ञान शिकायचं तिथं! पुढे सॅम्स, रायली, बरोज अँड वॉट्स अशा कंपन्यांनीही टेबलं बनवली. जर्सी आणि गर्नसी या बेटांवर खेळ पोचला तो इतका रुजला की जागतिक स्पर्धासुद्धा जर्सीतच भरते, दरवर्षी. 'जागतिक' हा शब्द ऐकून हसू नका. सबंध जगात हा खेळ मुख्यतः जिथं खेळला जातो, तिथली माणसं तिथं येतात, यात खोटं काय आहे?

आता येते मी खऱ्या भांडणाकडे, कारण त्यासाठीच तर सगळा घोळ घातला.

कुठल्याही लीगवाल्याला विचारा, "तुमच्याकडचा खेळ कसा?" उत्तर ठरलेलं: "इतर ठिकाणांपेक्षा वरचढ." शेजारच्या लीगवाल्याला विचारा, त्याचंही तेच उत्तर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मग पुरावा म्हणून सरासऱ्या काढल्या जातात. आमच्या लीगमध्ये पहिल्या पाचांची सरासरी इतकी, तुमच्याकडे इतकीच, म्हणजे आम्ही श्रेष्ठ. प्रमेय सिद्ध.

रेडिंगला आयटीत असलेला आमचा एक भाचा या नादाला लागलाय. ज्या मुलानं दहावीपर्यंत मैदानाचं तोंड पाहिलं नाही, तो आता फोनवर "मावशी, आमच्या लीगचा स्टँडर्ड वेगळाच आहे" असं सांगतो. मी म्हटलं, "अरे, पण मोजलास कसा?" तर म्हणे, "सरासरीवरून." म्हटलं, "तुमच्या टेबलाचं घड्याळ किती मिनिटांचं?" थोडा वेळ गप्प. "साधारण सतरा." "आणि त्यांचं?" आणखी गप्प. पोराला एवढं इंजिनियर केलं कशाला!

हा खेळ वेळेवर चालतो. ज्या टेबलाचं घड्याळ दोन मिनिटं जास्त चालतं, तिथं आकडे मोठे येणारच. काही ठिकाणी खुंट्या तीन, काही ठिकाणी चार, म्हणजे वाटेतले अडथळेच वेगळे. कापड नवं असेल तर चेंडू सुसाट धावतो, जुनं असेल तर रेंगाळतो. एखाद्या पबाची जमीनच थोडी कललेली असते आणि टेबल तिच्याबरोबर. तिथले लोक वर्षानुवर्षं खेळून चेंडू कुठे वळणार ते ओळखून असतात, पाहुण्याला ते समजेपर्यंत पट्टी पडते. चाळीतल्या ज्या कॅरम बोर्डावर आपला दादा अजिंक्य असतो, तो बोर्डच थोडा दबलेला असतो, तसंच आहे हे. बोर्ड बदलला की दादाचा काका होतो.

पण हे सगळं किरकोळ. खरी गंमत वेगळीच आहे, आणि ती समजली की या सरासऱ्यांची हवाच निघून जाते. या खेळात वेळ दोघांत मिळून एकच असतो. मी खेळतेय तोवर घड्याळ माझं खातंय, तुम्ही खेळताय तोवर तुमचं नव्हे, माझंच खातंय. पट्टीचे खेळाडू पहिल्या फटक्यात लाल आणि पांढरा दोन्ही चेंडू भोकात घालतात. टेबल रिकामं झालं की लाल पुन्हा आपल्या जागी, पांढरा पुन्हा टोकाला, आणि तोच फटका पुन्हा. पुन्हा. पुन्हा. समोरचा माणूस काठीला खडू लावून लावून काठी झिजवतो, पेला संपवतो, दुसरा आणतो, बायकोला मेसेज करतो, आणि त्याची पाळी येते तेव्हा दोन मिनिटं उरलेली असतात. कधीकधी तीही नाहीत. ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन भागात १९८४ साली एका लीग सामन्यात एका खेळाडूनं २८,५३० गुण केल्याची नोंद आहे, एकोणीस मिनिटांच्या आसपासच्या डावात. म्हणजे मिनिटाला दीड हजार. समोरच्या बिचाऱ्याला त्या रात्री टेबलाजवळ जायला कितीदा मिळालं असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

याचा अर्थ काय? धरून चाला, एक चांगली खेळाडू दुबळ्या लीगमध्ये आहे. समोरचे अर्ध्या मिनिटात चुकतात, पाळी तिच्याकडे. सतरातली बारा मिनिटं ती टेबलावर. सरासरी फुगली. आता हीच खेळाडू तगड्या लीगमध्ये गेली. समोरचा दहा मिनिटं हलतच नाही. तिला मिळाली सात. हात तोच, काठी तीच, डोळाही तोच, पण सरासरी जवळजवळ निम्मी. म्हणजे ज्या लीगमध्ये खेळ जास्त चांगला, तिथल्या चांगल्या खेळाडूची सरासरी कमी दिसायची पुरती सोय! आणि हे लोक तिचाच आकडा नाचवत "आम्ही श्रेष्ठ" म्हणतात. शिवाय सुरुवात कोण करणार हे नाणेफेकीवर. दोन्ही बाजूंना तरबेज हात असले तर सरासरीत खेळ किती आणि नाणेफेक किती हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

काठीवाल्यांत ही "मोठा कोण" ची खुमखुमी काही नवी नाही म्हणा. मुंबईचे बिलियर्ड्सपटू मायकेल फरेरा यांनी १९८१ साली पद्मश्री नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण, मग जगज्जेत्या मला पद्मश्री का, हा त्यांचा सवाल. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळालंही. पण फरेरांकडे दाखवायला जागतिक अजिंक्यपद होतं, सगळ्यांना सारखंच असलेल्या टेबलावर मिळवलेलं. सरेच्या एखाद्या खेड्यातल्या पबाचा कॅप्टन दाखवणार काय? आपल्याच पबाच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला आकडा.

मला विचाराल तर लीगची तुलना करायची एकच रीत आहे. टेबल तिसऱ्याचं, घड्याळ एक, खुंट्या तितक्याच, आणि दोन्ही लीगचे पाच-पाच जण समोरासमोर. कौंटी-कौंटीचे सामने होतात ते याचसाठी, जर्सीची स्पर्धा आहे ती याचसाठी. आणि कागदावरच मोजायचं असेल तर निदान घड्याळाची मिनिटं आणि खुंट्यांची संख्या सरासरीच्या शेजारी छापा. त्याहून बरं म्हणजे एका पाळीमागे किती गुण आणि शंभर पाळ्यांत काळी किती वेळा पडली, हे मांडा. पाळीचे गुण समोरच्याच्या खेळावर अवलंबून नसतात आणि काळी तर कुणाच्या बापाला भीत नाही. हा हिशेब ठेवायला एक वही पुरते. पण वही ठेवली तर भांडण संपेल, आणि भांडण संपलं तर पबात बोलणार काय? म्हणून कुणी ठेवत नाही, अशी माझी दाट शंका आहे.

या भांडणात एक गोष्ट मात्र कुणी फार मोठ्यानं बोलत नाही. टेबलं कमी होत चालली आहेत. साठ-सत्तरच्या दशकांत पबांत पूलची टेबलं घुसली आणि तरुण मंडळी तिकडे गेली. मग जुगाराची चकाकणारी यंत्रं आली. जुलै २००७ मध्ये इंग्लंडमध्ये पबांत धूम्रपानबंदी झाली, आणि सिगारेटवाले रस्त्यावर गेले. पबवाल्यांनी जेवणावळींचा रस्ता धरला, कारण रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या ताटाला जे पैसे मिळतात ते टेबलात टाकलेल्या नाण्यांतून कुठून येणार? कोपऱ्यातलं बार बिलियर्ड्सचं टेबल हलवलं की तिथं चार जणांची जेवणाची मांडणी बसते. त्यातून पबच दरवर्षी शेकड्यांनी बंद पडताहेत. पब गेला की संघ गेला, संघ गेला की लीगची एक रांग गेली. "आमची लीग श्रेष्ठ" म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या लीगमध्ये संघ किती उरलेत ते मोजावं.

आणि प्रचार म्हणून हे काय करतात? संघाचे फोटो लावतात, करंडक हातात धरलेले पाच प्रौढ पुरुष, सगळ्यांच्या पोटावर टी-शर्ट ताणलेला. हे बघून कोण येणार? त्यापेक्षा सांगा ना, की या खेळाला ताकद लागत नाही. सत्तरीच्या आजीबाई आणि वीस वर्षांची नात एकाच टेबलावर बरोबरीनं खेळू शकतात. सांगा, की पहिल्यांदा काठी धरलेल्या माणसालाही चुकून २०० मिळतात आणि त्याच्या तोंडावर जो भाव येतो तो बघण्यासारखा असतो. पबमालकाला सांगा, की पूलच्या टेबलाला चारही बाजूंनी काठी फिरवायला जागा लागते, याला फक्त एका टोकाला. भिंतीला लावा, गिऱ्हाईक सांभाळा. आठवड्यातून एक रात्र संघ येतो, पाच यजमान, पाच पाहुणे, दहा जणांची बिअर आणि चिप्स. हा हिशेब पबवाल्याला सरासरीपेक्षा लवकर कळतो. विद्यापीठांच्या गावांत, रेडिंगला, ऑक्सफर्डला, ब्रायटनला, पोरांना एक रात्र फुकट खेळू द्या. आमचा भाचा असाच लागला नादी. कुणीतरी त्याच्या हातात काठी दिली, त्यानं पहिल्याच पाळीत काळी पाडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पोरगं कायमचं गेलं. "मावशी, इथं हरलं तरी मजा येते," म्हणाला. कंपनीत बढतीसाठी एवढी चिकाटी दाखवली असती तर आतापर्यंत डायरेक्टर झाला असता.

तर मंडळी, पुढच्या उन्हाळ्यात ससेक्सला किंवा ऑक्सफर्डला लेकीकडे जाणार असाल, तर जवळच्या पबात डोकवा. कोपऱ्यात भिंतीला लावलेलं, नऊ भोकांचं टेबल दिसलं तर बारमागच्या माणसाला विचारा, घड्याळ किती मिनिटांचं आहे. तो "का?" म्हणाला तर सांगा, तुमच्या लीगची सरासरी तपासायची आहे. मग बिनधास्त नाणं टाका, ८० करा, १२० करा, काही करा. फक्त काळीपासून चार बोटं लांब राहा.